तिघांचं जेवण

"किती जण?" मालकिणीने विचारलं.

"तिघं," हिएन म्हणाली.

मालकिणीने दोघींच्या मागे रस्त्यावर पाहिलं. दुपारचे साडेचार वाजले होते. कोन्तुमच्या त्या रस्त्यावर फूटपाथला आडवं झालेलं एक कुत्रं आणि खुर्चीतच पेंगलेला लॉटरीवाला, याखेरीज चिटपाखरू नव्हतं. मग तिची नजर हिएनच्या खांद्यावरच्या चौकड्यांच्या पिशवीवर गेली. पिशवीची चेन पुरती लागलेली नव्हती. फटीतून लाल कापड दिसत होतं. हातातलं फडकं खांद्यावर टाकून ती म्हणाली, "मागच्या अंगणात बसा ताई, तिथं वारा आहे. पुढं साडेपाचला ऑफिसातली मंडळी यायचीयत. वाढदिवस आहे कुणाचा तरी. आरडाओरडा करतील, तुम्हाला त्रास."

"आम्हाला की त्यांना?" हिएन म्हणाली.

"दोघांनाही," मालकीण शांतपणे म्हणाली. "या."

कोन्तुमला अशा पिशव्यांचं नवल नव्हतं. पाऊस थांबून माती कोरडी झाली, की उत्तरेकडून माणसं येत. युद्धातल्या शहिदांच्या दफनभूमीत दोन-दोन दिवस दगडांवरची नावं वाचत फिरत. ज्यांना आपलं माणूस सापडे, ते त्याची हाडं लाल कापडात गुंडाळून घरी घेऊन जात. लॉजवाले त्यांना पिशवीसकट आत घेत नसत, बसवाले कळलं तर चढू देत नसत. खाणावळवाल्यांचं मात्र ज्याच्या त्याच्या मनावर असे.

अंगणात फणसाच्या झाडाखाली चार ठेंगणी टेबलं होती. हिएनने भिंतीकडची खुर्ची ओढली, पिशवी तिच्यावर ठेवली, कलंडू नये म्हणून पट्टा पाठीला अडकवला आणि मग स्वतः बसली. लुआ समोर बसली. कुठे बसायचं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण त्या तिघांत तीच जागा उरली होती.

लुआ सत्तावन्न वर्षांची होती. सव्वीस वर्षं तिने गावच्या बालवाडीत स्वयंपाक केला होता. एकशे चाळीस पोरं, रोज दुपारी भात, पातळ कालवण आणि मिठाला बेताचं काहीतरी. दोन वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली तेव्हा तिला एक पंखा मिळाला. तिचा नवरा तोआन गवंडी होता, दोन्ही मुली उजवलेल्या होत्या, आणि साऱ्या आयुष्यात ती आपल्या प्रांताबाहेर कधी गेली नव्हती. या बायकोपणाच्या आधी ती आणखी एकाची बायको होती, नऊ दिवस. त्याचं नाव लाम. तो हिएनचा थोरला भाऊ.

लग्नाच्या दहाव्या दिवशी लाम लष्कराच्या ट्रकमध्ये चढला तेव्हा तो वीस वर्षांचा होता, लुआ एकोणीसची आणि हिएन नऊ वर्षांची. तीन वर्षांनी तो गेल्याचा कागद आला. त्यानंतर आणखी तीन वर्षं लुआ सासरीच राहिली. मग सासूबाईंनीच एक दिवस तिचे केस विंचरले, दोन उशा आणि पितळेची एक हंडी तिच्याबरोबर दिली आणि तिला पुलापलीकडच्या तोआनच्या घरात पोचवून आल्या. "माझा मुलगा गेला म्हणून तुझा जन्म कशाला जाळू," म्हणाल्या. गावाने सासूबाईंना नावं ठेवली आणि मग विसरलंही. पंधरा वर्षांची हिएन मात्र विसरली नाही. त्या दिवसापासून तिने लुआला वहिनी म्हणणं सोडलं. दुसरंही काही म्हणेना. बाजारात गाठ पडली, की ती हातातल्या भाजीशी बोलल्यासारखी बोले.

आणि तरीही या प्रवासात लुआ तिच्याबरोबर होती, कारण ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंनी पुलापलीकडे निरोप धाडला होता. लुआ गेली तेव्हा त्या ओट्यावर बसल्या होत्या. "माझ्यानं आता चालवत नाही," त्या म्हणाल्या. "हिएन तेव्हा एवढीशी होती, तिला काय आठवणार? तू जा. तूच त्याला ओळखशील."

तोआनने प्रवासाच्या उलट्यांवरच्या गोळ्या आणून दिल्या आणि म्हणाला, "डोंगराळ भाग आहे. स्वेटर ने."

मालकिणीने मातीची शेगडी आणून टेबलाच्या मधल्या भोकात ठेवली. निखारे लालबुंद होते. वर जाळी टाकली. मग ताटं आली: गवती चहा आणि लसूण लावलेल्या डुकराच्या मांसाच्या पातळ पट्ट्या, भेंडी, हिरव्या केळ्याच्या आणि आंबट करमळाच्या चकत्या, पाल्याचा ढीग, तांदळाचे पातळ पापड, पाण्याची थाळी आणि मिरची घातलेलं माशाचं पातळ खारं. तीन वाट्या, तीन जोड काड्या. तिसरी जोडी तिने खुर्चीवरच्या पिशवीपुढे नीट सरळ करून ठेवली.

"आणि हे शिजवायचं कुणी?" लुआने विचारलं.

"तुम्हीच की!" मालकीण हसली. "पापड पाण्यातनं काढायचा, त्यात पाला, केळं, भाजलेलं मटण घालायचं, गुंडाळायचं, खाऱ्यात बुडवायचं. गंमतच ती आहे."

"जन्मभर शिजवलं," लुआ म्हणाली, "आणि पाहुणी होऊन आले तरी शेगडी माझ्याच पुढ्यात."

मालकीण मोठ्याने हसली. हिएन हसली नाही, पण तिने चिमटा लुआच्या हातातून काढून घेतला. "राहू द्या. मी भाजते."

लुआने काहीच खाल्लं नव्हतं सकाळपासून, आणि भूकही नव्हती. चरबी निखाऱ्यांवर पडून चर्र वाजत होती, वास छान होता. वास छान आहे हे तिला कळत होतं, स्वयंपाकिणीला कळतं तसं. गवती चहा जरा जास्तच झालाय, तेही कळलं. त्याच्या पलीकडे काही पोचत नव्हतं. सकाळपासून हे असंच चाललं होतं. कोणीतरी तिच्या आत जाड गोधडी अंथरावी आणि सगळं तिच्यावर येऊन बिनआवाजाचं पडावं, तसं.

सकाळी सहाला दफनभूमीत विन्ह नावाच्या राखणदाराने खणायला सुरुवात केली होती. लामच्या तुकडीतला एकच सोबती हयात होता. त्याने वहीच्या कागदावर टेकडी आणि ओढा काढून दिला होता. त्या टेकडीवरची सगळी माणसं पुढे इथं आणून रांगेत पुरली होती, एवढं कचेरीत कळलं. रांगेत एका दगडावर लिहिलं होतं: लाम. थाइ-बिन्ह प्रांत. बस. प्रांत त्यांचाच होता, पण आडनाव नाही, गाव नाही, वय नाही. कचेरीतल्या बाईने सांगितलं होतं की आईचं रक्त पाठवून तपासणी करता येईल, त्याला वर्ष-दीड वर्ष लागेल. हिएन म्हणाली, "आमच्याकडे वर्ष नाही." तिने सही केली.

विन्हने खड्ड्यात बसून एकेक हाड हाताने सोडवलं. फार नव्हती. हिएन पहिल्या हाडापासून रडत होती, मोठ्याने, नऊ वर्षांच्या मुलीसारखी, नाक पुसायचं भान नव्हतं तिला. मग विन्हने जबडा वर काढला, त्यावरची माती अंगठ्याने निपटली आणि तांदळाच्या दारूने धुतला. दात स्वच्छ झाले. कणसाच्या दाण्यांसारखे, एका ओळीत, सगळेच्या सगळे.

"तोच ना?" हिएनने विचारलं होतं. "तोच ना हो?"

विन्ह वर बघत होता. कचेरीतली बाई बघत होती.

"हो," लुआ म्हणाली होती.

त्या नऊ दिवसांतलं लुआला फारसं काही आठवत नसे. लामचा आवाज आठवत नसे. तो पालथा झोपे आणि त्याच्या टाचा थंड असत, हे आठवे. आणि सहाव्या दिवसाची दुपार. तिने त्याला ऊस सोलून दिला होता, तो काहीतरी सांगता सांगता हसला, कांडं दातांखाली वाकडं आलं आणि वरचा, डावीकडचा, पुढचा दात अर्धा तुटला. त्याने तुकडा तळहातावर धरून दाखवला आणि आणखीच हसला. दोन दिवसांनी फोटोवाला आला तेव्हा मात्र त्याने तोंड घट्ट मिटून घेतलं. देव्हाऱ्यातल्या फोटोतला लाम अडतीस वर्षं तसाच, ओठ मिटून बसला होता.

हिएनने भाजलेली एक पट्टी उचलून तिसऱ्या वाटीत ठेवली. "खा दादा. गरम आहे तोवर खा." मग ती लुआला म्हणाली, "त्याला मटण आवडायचं का?"

"कोणाला नाही आवडत?"

"तसं नाही. तुम्ही त्याची बायको होतात. तुम्हाला माहीत असेल."

"नऊ दिवसांत एकदाच मटण झालं होतं घरात," लुआ म्हणाली. "लग्नाचं."

टेबलावर कात्री होती. लुआने तिसऱ्या वाटीतली पट्टी काडीने धरली आणि कात्रीने बारीक बारीक कापली. हात आपोआप चालला. सव्वीस वर्षं तिने मटणाचे तुकडे पोरांच्या घशाच्या मापाने केले होते. कापून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की हिएन बघतेय.

"तो लहान मूल नाहीये," हिएन म्हणाली.

"वीस वर्षांचाच आहे."

पुढच्या बाजूला मोटरसायकली थांबल्याचे आवाज आले, हसणं आलं, खुर्च्या सरकल्या. लुआने पापड भिजवला, त्यात पाला ठेवला, मटण ठेवलं, गुंडाळलं. तोंडाशी नेलं आणि घास घेतला. चावला. चावून झाला तरी तो खाली जाईना. शेवटी पाण्याबरोबर तिने तो ढकलला आणि तोंड पुसून म्हणाली, "हिएन, लामचा दात तुटलेला होता."

"कुठला दात?"

"वरचा. पुढचा, डावीकडचा. अर्धा. ऊस खाताना तुटला होता, मी असताना."

"मग?"

"सकाळी सगळे दात होते."

हिएनने जाळीवरची पट्टी उलटली. मग दुसरी उलटली. "पस्तीसेक वर्षं मातीत होता," ती म्हणाली. "मातीत काय काय होतं."

"मातीत दात पडतात, हिएन. येत नाहीत."

पट्ट्या उलटायच्या उरल्या नाहीत. हिएनने चिमटा टेबलावर आपटला. "तुला तो नकोच होता," ती हळू आवाजात म्हणाली, आणि तिचा हळू आवाज ओरडण्याहून वाईट होता. "तुला कधीच नको होता. तो घरी आला तर सगळं गाव विचारेल, याची बायको कुठंय? म्हणून तुला खुपतोय तो. मेल्यावरसुद्धा खुपतोय."

"नाही गं."

"मग सकाळी हो कशाला म्हणालीस? चार माणसांच्या देखत?"

"तू विचारलंस. तुझं तोंड बघितलं आणि निघून गेलं तोंडातून."

"मग आता कशाला ओकतेस? गिळायचं होतंस!"

"गिळत होते," लुआ म्हणाली. "उतरलं नाही."

जाळीवरचं मटण काळं पडून धूर येऊ लागला. मालकीण आली, तिने दोघींच्या तोंडाकडे पाहिलं नाही. जळकी पट्टी चिमट्याने बाजूला केली. "जाळी बदलते," म्हणाली, आणि जुनी जाळी घेऊन गेली. नवी येईपर्यंत मधे नुसते निखारे होते. पुढच्या बाजूला टाळ्या वाजवत वाढदिवसाचं गाणं सुरू झालं. कोणीतरी भलत्याच वरच्या पट्टीत चढवलं आणि सगळे हसत सुटले.

हिएन रडेल असं लुआला वाटलं होतं. ती रडली नाही. तिने पिशवीची चेन, जी सकाळपासून फटीएवढी उघडी होती, ती ओढून पुरती लावली.

"आई परवापासून ओट्यावर बसलीय," ती म्हणाली. "गावातल्या मुलींना सांगून अंगणाची माती नवी घालून घेतलीय तिनं. शेजाऱ्यांना बोलावणी गेलीयत. मी रिकाम्या हातानं जाऊन तिला काय सांगू? की तिथं होता एक लाम, पण त्याचे दात फार चांगले होते?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग काय म्हणतेस?"

लुआला काय म्हणायचं होतं ते तिलाच नीट ठाऊक नव्हतं. तिने पिशवीकडे पाहिलं. सकाळी त्या जबड्याकडे बघताना आपल्याला काहीतरी वाटेल म्हणून ती थांबली होती. हा आपला नाही हे कळल्यावर तरी वाटेल, म्हणून पुन्हा थांबली होती. "ह्यालाही आई असेल," ती म्हणाली.

मालकिणीने नवी जाळी टाकली. हिएनने भेंड्या मांडल्या, एकीला एक न लागेल अशा. मांडता मांडता ती म्हणाली, "थाइ-बिन्हचा आहे. लाम आहे. पोरगा आहे. आईला एवढं पुरे. मी ह्याला नेणार."

"ने," लुआ म्हणाली.

"ने म्हणजे?"

"ने म्हणजे ने. आईंनी मला विचारलं तर मी हो म्हणेन. पाप लागायचं तर मला लागू दे. तू मला विचारलंस, मी हो म्हटलं, एवढंच तुला माहीत."

हिएन तिच्याकडे बघत राहिली. मग खाली बघून भेंडी उलटू लागली.

विन्ह रोज सहाच्या सुमारास बियरच्या एका ग्लाससाठी तिथं येई, हे त्या दोघींना माहीत नव्हतं. तो अंगणातल्या पलीकडच्या टेबलावर येऊन बसला. नखांत अजून सकाळची माती होती. त्याने दोघींना ओळखून मान हलवली, पिशवीलाही हलवली. मालकिणीने न सांगता त्याच्यापुढे ग्लास ठेवला. लुआ उठली आणि त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"काका, एक विचारायचं होतं."

"बसा की."

ती बसली नाही. "त्या दगडावर नुसतं लाम होतं. दुसरं कोणी थाइ-बिन्हहून लामला शोधत आलं, तर तुम्ही काय सांगाल?"

विन्हने ग्लासातला फेस बोटाने बाजूला केला. तो सत्तरीचा होता, आणि सावकाश बोले. "घेऊन गेले म्हणून सांगेन. घरचे येऊन घेऊन गेले."

"आणि ते म्हणाले की घरचे आम्ही आहोत?"

विन्हने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हिएनकडे आणि खुर्चीवरच्या पिशवीकडे. "ताई," तो म्हणाला, "खड्ड्याची माती अजून मऊ आहे. परत ठेवायचा असेल तर सकाळी सहाला या. मी कोणाला काही बोलणार नाही. अशी माणसं याआधीही आलीयत."

आपल्या टेबलावरून हिएनला सगळं ऐकू येत होतं. तिने एक हात पिशवीवर ठेवला. वळून पाहिलं नाही.

लुआ तिच्या त्या हाताकडे बघत उभी राहिली. शिवणकाम करणाऱ्या बाईचा हात होता, मधल्या बोटाला सुईने घट्टे पडलेले. बस सातला होती. हो म्हणणं सकाळी जितकं सोपं गेलं होतं, तितकंच आता हा तो नाही म्हणणं सोपं होतं. नुसतं तोंड उघडायचं. सकाळी सहाला दफनभूमीत जायचं, त्याला परत ठेवायचं, दोन दिवसांच्या वाटेने मोकळ्या हाताने परत जायचं आणि ओट्यावर बसलेल्या म्हातारीला सांगायचं. बरोबर तेच होतं. ते बरोबर आहे हे तिला भाताला पाणी किती लागतं हे कळावं, तसं कळत होतं.

"नाही काका," ती म्हणाली. "आम्ही नेतो त्याला. पण तुमच्याकडे कागद आहे का?"

विन्हकडे नव्हता. मालकिणीने कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडून दिलं आणि कानावर खोचलेलं पेन दिलं. लुआने पाठीमागच्या कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं. तिचं अक्षर मोठं आणि सुटं होतं, बालवाडीच्या फळ्यावर आठवड्याचा स्वयंपाक लिहायच्या सवयीचं. गावाचं नाव लिहिलं, तालुका लिहिला. मग थांबली.

"हिएनचं घर नको," ती म्हणाली. "तिथं म्हातारी आहे."

तिने स्वतःचं नाव लिहिलं. पुलापलीकडे डावीकडचं तिसरं घर, तोआन गवंड्याचं. त्याखाली लिहिलं: लामबद्दल विचारायचं असेल तर केव्हाही या.

"केव्हाही?" विन्हने वाचून विचारलं.

"मी घरीच असते."

त्याने पान चार घड्यांचं केलं, डोक्यावरची टोपी काढली आणि आतल्या पट्टीत सरकवलं. "उद्या कपाटात ठेवतो. माझ्यामागं मुलाला सांगून ठेवीन," तो म्हणाला. मग ग्लास उचलून त्याने तिघांच्या टेबलाकडे जरासा धरला आणि प्यायला.

लुआ जागेवर येऊन बसली. हिएनने पापड भिजवला होता. तिने त्यात केळ्याची चकती ठेवली, करमळ ठेवलं, पाला ठेवला, मटण ठेवलं. गुंडाळताना पापड फाटला. तिने दुसरा घेतला आणि पहिल्याच्या वरून गुंडाळला. "मला जमत नाहीये हे," ती चिडून म्हणाली.

"घट्ट ओढू नकोस. सैल गुंडाळ, आपोआप चिकटतो."

झालेली गुंडाळी हिएनने तिसऱ्या वाटीत ठेवली. ह्या खेपेला ती दादा म्हणाली नाही. नुसतीच म्हणाली, "खा रे."

लुआने तीही कात्रीने कापली. ह्या खेपेला हिएनने वाटी तिच्याकडे सरकवून दिली. मग त्या जेवल्या. लुआने सहा घास मोजून खाल्ले, औषध घ्यावं तसे, कारण पुढे दोन दिवसांचा प्रवास होता. निघायच्या आधी, वाटीतलं टाकायचं नसतं म्हणून, हिएनने तिसरी वाटी पुढे ओढली आणि अर्धं लुआच्या वाटीत घातलं. ते गार झालं होतं, चरबी पांढरी पडली होती. दोघींनी नैवेद्याचं खावं तसं ते शेवटच्या कणापर्यंत संपवलं.

मालकीण दारापर्यंत आली. "पिशवी मांडीवर घ्या," ती हळूच म्हणाली. "ड्रायव्हर मागची डिकी उघडून बघतात. मांडीवरचं कोणी विचारत नाही."

बसमध्ये दोघींनी ती आळीपाळीने मांडीवर घेतली.

गावी सासूबाई ओट्यावरून उठून पायऱ्या उतरल्या, कोणाचा हात न धरता. त्यांनी पिशवी हातात घेतली, वजन अजमावलं, आणि हिएनला न विचारता लुआला विचारलं, "तोच ना?"

"हो आई."

"दमलात दोघी. हातपाय धुवा."

अंत्यविधीला अर्धा गाव आला. शाळेतल्या मुलांनी झेंडा धरला. लुआ बायकांच्या रांगेत तिसरी उभी होती. तिच्या पुढच्या-मागच्या बायका रडत होत्या आणि मधून मधून तिच्याकडे बघत होत्या. तिच्या डोळ्यांत काही आलं नाही. घरी आल्यावर तोआनने विचारलं, "झालं सगळं?" ती म्हणाली, "झालं," आणि भात चढवला. त्या रात्री तिने त्याला पत्त्याचं सांगितलं. सगळं नाही, पत्त्याचंच. तोआन म्हणाला, "आपलं घर डावीकडून तिसरं नाही, चौथं आहे. मधे सरकारी पंपाची खोली धरतात लोक."

"पंपाच्या खोलीत कोण राहतं?"

"कोणी नाही. पण मोजणारा मोजतो."

दुसऱ्या दिवशी त्याने चुना कालवला आणि फाटकाच्या खांबावर मोठ्या अक्षरांत लुआचं नाव लिहिलं.

पाऊस येऊन गेला, भात कापून झाला. हिएन मधून मधून पुलापलीकडे येऊ लागली. येताना काहीतरी आणी, वाल नाहीतर अंडी, आणि अंगणातच उभी राहून विचारे, "कोणी आलं होतं का?"

"नाही."

"बरं," म्हणे आणि जाई. ते बरं सुटकेचं की कशाचं, लुआला कळत नसे. बहुधा हिएनलाही.

एका दुपारी लुआ अंगणात पाला निवडत होती. फाटकाशी भाड्याची मोटरसायकल थांबली आणि मागून एक बाई उतरली. पंचाहत्तरीची असावी. तपकिरी जाकीट, काळं फडकं बांधलेलं डोकं, हातात कापडी पिशवी. तिने खांबावरचं नाव डोळे बारीक करून वाचलं आणि घराकडे बघत तिथंच उभी राहिली.

लुआ उठली. पाला मांडीवरून खाली सांडला. तिने हात तसेच न पुसता पाण्यात बुडवले, नीट धुतले, सदऱ्याला पुसले. "अहो, ओसरीवर नवी चटई घाला," ती आत तोआनला म्हणाली. "आणि चहाचं पाणी." मग फाटकाकडे गेली. पंधरा पावलांचं अंगण होतं. पाय नेहमीसारखेच पडत होते, पण कानांत आपल्याच रक्ताचा आवाज येत होता, आणि तो तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"या," ती म्हणाली. "या मावशी."

"बदकाची पिल्लं विकणारा तो वान इथंच राहतो का हो?" म्हातारीने विचारलं. "पुलापलीकडं म्हणाले. कितवं घर ते काही सांगितलं नाही मेल्यांनी."

लुआने हात करून दाखवलं. सरळ जायचं, तळं लागतं, तळ्याच्या पलीकडे. म्हातारी पुन्हा मोटरसायकलवर बसली. ती तळ्याशी वळून दिसेनाशी होईपर्यंत लुआ फाटकाशी उभी होती.

परत आली तेव्हा तोआनने ओसरीवर नवी चटई अंथरली होती, तीन पेले मांडले होते. "कोण होतं?"

"बदकवाल्याकडे आल्या होत्या."

तोआन खाली वाकून चटईचं टोक गुंडाळायला लागला.

"असू दे," लुआ म्हणाली, आणि सांडलेला पाला गोळा करायला बसली.